दुसऱ्यानें बांधलेली मर्यादा

विजेच्या तारेला स्वतःची बुद्धि नसते. तिच्यांतून किती प्रवाह जावा, तो कोठें थांबावा, आणि धोका उत्पन्न झाला असतां तिला उरलेल्या जाळ्यापासून केव्हां तोडावें, याचा विचार माणसाला आधींच करून ठेवावा लागतो. धोक्याचा क्षण येतो तेव्हां विचाराला अवसर नसतो. झाडाची फांदी वाहिनीवर पडली किंवा दोन तारा एकमेकींस भिडल्या, तर सेकंदाच्या एका लहानशा अंशांत निर्णय व्हावा लागतो. हा निर्णय जें यंत्र घेतें त्याला रिले म्हणतात. रिले हा वाहिनीच्या दाराशीं बसविलेला पहारेकरी होय. तो प्रवाह व दाब अखंड मोजीत असतो, आणि नेमून दिलेली मर्यादा ओलांडली गेली कीं ब्रेकरला इशारा देऊन वाहिनी तोडवितो. पहारेकरी आज्ञाधारक आहे, पण विचारी नाहीं. त्याला आज्ञा देणारा इंजिनियर निराळा असतो. आणि पुष्कळदां आज्ञा देऊन झाल्यावर तो दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या नोकरींत, अथवा निवृत्त होऊन आपल्या घरीं गेलेला असतो. त्याच्या मागें रिलेवर केवळ एक आंकडा उरतो.

तो आंकडा बदलण्याचा अधिकार कोणाला, कोणत्या अटीवर, आणि बदलण्यापूर्वीं कोणाला विचारून, हा प्रश्न वरवर पाहतां कारखान्याच्या अंतर्गत व्यवस्थेचा, सामान्य गृहस्थाशीं संबंध नसलेला असा वाटतो. परंतु या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळें मोठमोठीं शहरें एका घटकेंत अंधारांत बुडाल्याचीं उदाहरणें इतिहासांत नमूद आहेत. इंजिनियराच्या धंद्यांतील नीति म्हणजे केवळ लाच न घेणें आणि खोटा दाखला न देणें एवढीच नव्हे. एका छोट्याशा तबकडीवरचा कांटा फिरवितांनाहि ती नीति कसोटीला लागते, हें त्या उदाहरणांवरून दिसून येतें.

या प्रश्नाचें सर्वांत जुनें आणि ओळखीचें रूप घरोघरच्या फ्यूजमध्यें सांपडतें. एडिसननें १८८० मध्यें मिळविलेल्या एका पेटंटांतली योजना अशी होती कीं, तारेच्या मार्गांत एका ठिकाणीं मुद्दाम दुबळा भाग ठेवावा. प्रवाह बेसुमार वाढला तर तोच आधीं वितळावा, आणि बाकीचें घर वांचावें. घरांतल्या साऱ्या तारांमध्यें जी सर्वांत अशक्त, तिच्याकडेच राखणदारी सोंपविण्याची ही युक्ति मोठी मार्मिक होय. पुढें तिच्यावर मात करणारेहि घरोघर निपजले. फ्यूज वारंवार उडूं लागला म्हणजे त्रासून तेथें जाड तांब्याची तार गुंडाळावयाची, हा उपाय ज्याला ठाऊक नाहीं असें घर क्वचितच असेल. मग फ्यूज उडत नाहीं, दिवा जात नाहीं, आणि गृहस्थाला आपण दुरुस्ती केली असें वाटतें. प्रत्यक्षांत भिंतींतल्या तारेची ताकद पाहून वायरमननें फ्यूजची तार निवडलेली असते; ती निवड न विचारतां रद्द झालेली असते. यापुढें जाड तार शाबूत राहते आणि भिंतींतली तार तापूं लागते. दोष नाहींसा होत नाहीं. तो दिसत होता तेथून न दिसणाऱ्या जागीं जातो, एवढेंच.

विसाव्या शतकाच्या आरंभीं विजेचीं केंद्रें एकमेकांस जोडलीं जाऊं लागलीं, तेव्हां वितळणाऱ्या तारेनें काम भागेना. इंग्लंडांत चार्लस् मर्झ आणि बर्नार्ड प्राइस या दोघांनीं १९०४ मध्यें तारेच्या दोन टोकांकडील प्रवाहांची तुलना करणारी संरक्षणपद्धति शोधून काढली. एका टोकानें जेवढा प्रवाह आंत जातो तेवढाच दुसऱ्या टोकानें बाहेर पडत असेल तर सर्व ठीक. तफावत दिसली तर मध्यें कोठें तरी गळती आहे असें समजून तार तोडावयाची. पुढें अंतर मोजणारे रिले आले. वाहिनीवरचा दाब आणि प्रवाह यांच्या प्रमाणावरून दोष किती लांब आहे याचा अंदाज ते बांधतात. आपल्या वाहिनीवरचा दोष असेल तर ते तत्काळ तोडतात. शेजारच्या वाहिनीवरचा असेल तर थोडा वेळ थांबून, शेजाऱ्यानें आपलें काम केलें नाहीं तरच पुढें सरसावतात. शेजाऱ्यासाठीं थांबण्याच्या या शेवटच्या टप्प्याला धंद्यांत ‘तिसरा झोन’ असें म्हणतात.

येथें एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. जवळच्या रिलेनें आधीं तोडावें, त्याच्या मागच्यानें साधारणपणें सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकें थांबावें, त्याच्याहि मागच्यानें आणखी तितकेंच थांबावें, अशी ही सारी माळ एकमेकांच्या भरंवशावर ओवलेली असते. म्हणून एका इंजिनियरानें आपल्या रिलेचा कांटा जरासा हलविला, तर शेजाऱ्याच्या रिलेला हात न लावतांहि त्यानें शेजाऱ्याचें गणित बदललेलें असतें. रिलेची मर्यादा ही एका खोलींतल्या दिव्याच्या बटनासारखी खाजगी वस्तु राहत नाहीं. ती करारासारखी असते, आणि करारांतलें कलम एकट्यानें बदलतां येत नाहीं.

शिवाय ती मर्यादा ठरविणें हें यांत्रिक काम नसून विवेकाचें काम आहे. मर्यादा फार आंखूड ठेवली तर निरुपद्रवी भारालाहि रिले दोष समजतो आणि चांगली चाललेली वाहिनी तोडून बसतो. ती फार सैल ठेवली तर खरा दोष घडत असतांहि तो स्वस्थ बसून राहतो, आणि तेवढ्या अवधींत यंत्रें जळतात किंवा माणूस दगावतो. या दोहोंच्या मध्यें कोठें तरी इंजिनियरानें बोट ठेवलेलें असतें. त्यानें तेथेंच कां ठेवलें, याचीं कारणें त्याच्या गणिताच्या कागदांत असतात. आंकड्यांत तीं दिसत नाहींत. म्हणून नुसता आंकडा पाहून ‘हा चुकला आहे’ असें म्हणणारा मनुष्य बहुधा अर्धेंच पाहत असतो.

व्यवसायाच्या नीतीचा विचार विद्युत् इंजिनियरांमध्यें फार जुना आहे. अमेरिकेंतील विद्युत् इंजिनियरांच्या संस्थेचे अध्यक्ष स्कायलर व्हीलर यांनीं १९०६ मध्यें ‘इंजिनियराची प्रतिष्ठा’ हाच विषय आपल्या अध्यक्षीय भाषणासाठीं निवडला होता. विजेच्या टेबलपंख्याच्या आद्य कर्त्यांत ज्यांचें नांव घेतलें जातें, तेच हे व्हीलर. वकिलांना आणि वैद्यांना जशी आचारसंहिता असते तशी इंजिनियरांनाहि असावी, असा त्यांचा आग्रह होता. आणि १९१२ मध्यें त्या संस्थेनें अशी संहिता मान्य केली. यंत्रांतील अथवा चालू व्यवस्थेंतील धोकादायक दोष दूर करण्यासाठीं झटणें, आणि तो दोष मालकाच्या नजरेस आणून देणें, हें इंजिनियराचें कर्तव्य आहे असें तींत म्हटलें होतें. पुढें अमेरिकेंतल्या व्यावसायिक इंजिनियरांच्या राष्ट्रीय संस्थेच्या संहितेंत आणखी एक कलम आलें. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या इंजिनियरानें, त्याच मालकासाठीं दुसऱ्या इंजिनियरानें केलेल्या कामाची तपासणी त्या दुसऱ्याला कळविल्यावांचून करूं नये. मात्र त्याचा त्या कामाशीं असलेला संबंध संपला असेल तर गोष्ट वेगळी. हीं दोन कलमें शेजारीं ठेवून वाचलीं तर या धंद्यांतला खरा पेंच दिसतो. एक कलम सांगतें, धोका दिसला तर गप्प बसूं नको. दुसरें सांगतें, दुसऱ्याच्या कामांत त्याच्या पाठीमागें हात घालूं नको. दोन्ही एकदम कशीं पाळावयाचीं?

या प्रश्नाला ज्या घटनेनें जगभर वाचा फोडली, ती १९६५ च्या नोव्हेंबर महिन्याच्या ९ तारखेची. कॅनडाच्या ओन्टारिओ प्रांतांत नायगारा नदीच्या कांठीं सर अॅडम बेक यांच्या नांवाचें दुसऱ्या क्रमांकाचें जलविद्युत्‌केंद्र आहे. तेथून २,३०,००० व्होल्ट दाबाच्या पांच वाहिन्या उत्तरेकडे टोरोंटोच्या दिशेनें जात असत. हिवाळ्याची संध्याकाळ होती. घरोघर दिवे व शेगड्या लागल्या होत्या. आणि पांचहि वाहिन्यांवर भार चढत होता. सायंकाळीं ५ वाजून १६ मिनिटांनीं त्यांपैकीं एका वाहिनीवरच्या राखीव रिलेनें ती वाहिनी तोडली. त्या वाहिनीवर कोठेंहि दोष नव्हता. तिच्यांतून सुमारे ३६० मेगावॅट वीज जात होती. तिची ताकद त्याहून कितीतरी अधिक होती. परंतु रिलेला नेमून दिलेली मर्यादा सुमारे ३७५ मेगावॅटची होती, आणि भार क्षणभर हेलकावला तेव्हां ती गांठली गेली.

पुढचें सारें फार झपाट्यानें झालें. एका वाहिनीचा भार उरलेल्या चौघींवर पडला, आणि तीन सेकंदांच्या आंत त्याहि एकापाठोपाठ सुटल्या. टोरोंटोकडे निघालेली हजाराहून अधिक मेगावॅट वीज एकदम उलटी फिरून न्यूयॉर्क राज्याच्या जाळ्यांत शिरली. एवढा लोंढा त्या जाळ्याला सोसवला नाहीं. त्याचे तुकडे झाले, आणि प्रत्येक तुकड्यांत कोठें विजेचा पूर तर कोठें दुष्काळ, अशी स्थिति होऊन जनित्रें बंद पडत गेलीं. पहिली वाहिनी तुटल्यापासून सुमारे अकरा मिनिटांत न्यूयॉर्क शहर काळोखांत गेलें. घरीं परतण्याची ती वेळ. भुयारी आगगाड्यांतून लक्षावधि उतारू अडकून पडले. ऐंशी हजार चौरस मैलांच्या टापूंत सुमारे तीन कोटी लोक विजेवांचून राहिले; कांहीं ठिकाणीं वीज परत येण्यास तेरा तास लागले. सुदैवानें त्या रात्रीं आकाशांत पूर्ण चंद्र होता.

एवढा अनर्थ कशानें झाला, हें शोधून काढण्यास कांहीं दिवस लागले. अमेरिकेच्या संघीय विद्युत् आयोगानें डिसेंबरमध्यें आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत जें दिसून आलें तें कोणत्याहि स्फोटापेक्षां अधिक विचार करावयास लावणारें होतें. तो राखीव रिले बिघडलेला नव्हता. १९६३ च्या जानेवारींत संरक्षणाच्या इंजिनियरांनीं फेरविचार करून त्याची मर्यादा नव्यानें ठरविली होती. दूरच्या दोषांपर्यंत त्याची नजर पोंचावी, असा त्यांत उद्देश होता. तो उद्देश निर्दोष होता. रिलेची नजर लांब पोंचवावयाची म्हणजे त्याला अधिक हळवा करावा लागतो, आणि हळवा रिले जड भारालाहि दोष समजूं शकतो, हें शास्त्र त्या इंजिनियरांना ठाऊक होतें. १९६३ मध्यें भार त्या मर्यादेच्या बराच खालीं होता. परंतु पुढें सुमारे पावणेतीन वर्षांत तो वाढत गेला. ज्या माणसांनीं रोज संध्याकाळीं त्या वाहिन्यांवर भार चढवावयाचा, त्यांना ही मर्यादा कोठें बांधलेली आहे याची कल्पना नव्हती. वाहिनीची ताकद त्यांना माहीत होती. पहारेकऱ्याला दिलेली आज्ञा माहीत नव्हती.

येथें दोष कोणाचा म्हणावा? ज्यांनीं मर्यादा बदलली त्यांनीं लबाडी केली नव्हती. ज्यांनीं भार चढविला त्यांनींहि निष्काळजीपणा केला नव्हता. दोघेहि आपापलें काम नीट करीत होते. मधला निरोप तेवढा पोंचला नव्हता. आणि इंजिनियरी नीतीचें मर्म नेमकें त्या निरोपांत आहे. मर्यादा बदलणारा स्वतःच्या अधिकारांत असतो, तेव्हांहि ज्यांचें काम त्या मर्यादेवर विसंबून आहे त्यांना कळविल्याखेरीज त्याचें काम पुरें होत नाहीं. यंत्रावरचा कांटा फिरविणें हा बदलाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग माणसांच्या मनांत करावयाचा असतो.

या घटनेंतून दुसराहि धडा निघतो, आणि तो बहुधा दुर्लक्षिला जातो. दुसऱ्यानें बांधलेली मर्यादा न विचारतां बदलणें हें जसें पाप, तसेंच परिस्थिति बदलल्यावरहि ‘ती दुसऱ्यानें बांधली आहे’ म्हणून तिच्याकडे न पाहणें हेंहि पापच. १९६५ ची मर्यादा कोणीं चोरून हलविली नव्हती. भार वाढत असतां ती तशीच राहूं दिली गेली, हें तिचें दुखणें होतें. पूर्वसूरींविषयींचा आदर आणि आळस यांचा चेहरा पुष्कळदां सारखाच असतो. म्हणून जुन्या मर्यादेचा मान राखणें याचा अर्थ तिला देव्हाऱ्यांत बसविणें असा होत नाहीं. तिचीं कारणें शोधून काढणें, तीं आजहि लागू आहेत कीं नाहींत हें तपासणें, आणि नसतील तर ज्यांचा संबंध येतो त्या सर्वांना बरोबर घेऊन ती बदलणें, असा त्याचा अर्थ आहे.

एकाच तारेच्या दोन टोकांना दोन निराळे धनी असले म्हणजे काय होतें, याचा दाखला युरोपानें ४ नोव्हेंबर २००६ च्या रात्रीं दिला. जर्मनींत पापेनबुर्ग येथील गोदींत बांधलेलें ‘नॉर्वेजियन पर्ल’ नांवाचें प्रचंड उतारू जहाज एम्स नदींतून समुद्राकडे न्यावयाचें होतें. त्यासाठीं नदीवरून जाणारी ३,८०,००० व्होल्टची दुहेरी वाहिनी कांहीं काळ बंद ठेवणें भाग होतें. ही योजना आधीं ठरलेली होती. पण जहाजाची वेळ तीन तास अलीकडे आणण्यांत आली, आणि शेजारच्या वीजकंपन्यांना तें फार उशिरां कळलें. वाहिनी बंद करतांच तिचा भार दक्षिणेकडच्या दुसऱ्या वाहिन्यांवर गेला. त्यांपैकीं लांडेसबेर्गन ते वेरेनडोर्फ ही वाहिनी ई-ऑन आणि आर-डब्ल्यू-ई या दोन कंपन्यांच्या सीमेवरची. तिच्या एका टोकाची मर्यादा एका कंपनीनें बांधलेली, दुसऱ्या टोकाची दुसरीनें. आणि या दोन मर्यादा सारख्या नव्हत्या. वेरेनडोर्फच्या टोकाची मर्यादा आंखूड होती, व लांडेसबेर्गनकडच्या नियंत्रकांच्या हिशेबांत ती धरलेली नव्हती.

रात्रीं ९ वाजून ४१ मिनिटांनीं शेजाऱ्यांनीं दूरध्वनीवरून १,७९५ अँपिअर ही सुरक्षिततेची सीमा सांगितली. म्हणजे निरोप या वेळीं गेला. परंतु गणित करून पाहण्यास आतां अवकाश उरला नव्हता. भार चढत चालल्याचें पाहून १० वाजून १० मिनिटांनीं लांडेसबेर्गनच्या उपकेंद्रांत एक जोडणी बदलण्यांत आली. तीमुळें प्रवाह सुमारे ८० अँपिअरनें उतरेल अशी अटकळ होती. आधीं हिशेब करून ती पडताळलेली नव्हती. प्रत्यक्षांत प्रवाह ६७ अँपिअरनें चढला आणि वाहिनी त्याच क्षणीं तुटली. अर्ध्या मिनिटाच्या आंत युरोपाच्या जाळ्याचे तीन तुकडे झाले, आणि दीड कोटी घरांची वीज गेली. दोन तासांच्या आंत ती परत आली हें त्या खंडाच्या व्यवस्थेला भूषणावह असलें, तरी मुद्दा उरतोच. एका तारेच्या दोन टोकांना दोन मर्यादा असणें हें चूक नव्हतें. त्या दोघांनीं एकमेकांच्या हिशेबांत धरणें आवश्यक होतें.

भारालाच दोष समजून वाहिनी तोडण्याचा प्रकार १९६५ नंतरहि थांबला नाहीं. १४ ऑगस्ट २००३ रोजीं अमेरिकेंतील ओहायो राज्यांत सॅमिस ते स्टार ही वाहिनी अशीच तुटली. तिच्यावर दोष नव्हता, पण प्रवाह वाढलेला आणि दाब घसरलेला पाहून रिलेच्या तिसऱ्या झोनला तो दूरचा दोष वाटला. त्या दिवशीं पांच कोटी लोक अंधारांत गेले. हिंदुस्थानांत ३० जुलै २०१२ च्या मध्यरात्रीनंतर २ वाजून ३३ मिनिटांनीं बीना ते ग्वाल्हेर ही ४,००,००० व्होल्टची वाहिनी याच कारणानें सुटली आणि सारा उत्तर भारत अंधारांत गेला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं एकच्या सुमारास तीच वाहिनी पुन्हा सुटली. या खेपेस उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य भारताचेंहि जाळें कोसळलें. साठ कोटींहून अधिक लोकवस्तीचा प्रदेश त्यांत सांपडला. पश्चिमेचें जाळें त्या क्षणीं वेगळें पडून तगून राहिलें, म्हणून महाराष्ट्रांतले दिवे दोन्ही दिवशीं तेवत राहिले. चौकशी समितीनें संरक्षणव्यवस्थेची तिऱ्हाइताकडून तपासणी व्हावी अशी शिफारस केली, ती याच अनुभवावरून.

अशा घटनांनंतर सहज मनांत येतें कीं, सगळे रिले थोडे सैल करून टाकावे म्हणजे झालें. फ्यूजच्या जागीं जाड तार गुंडाळणाऱ्या गृहस्थाचाच हा विचार मोठ्या रूपांत परत येतो. तो कारखान्यांतहि येतो. एखादी मोटर वारंवार बंद पडते. माल अडून राहतो. वरिष्ठ म्हणतात, रिलेची मर्यादा वाढवा. पाळीवरचा इंजिनियर मर्यादा वाढवितो, अथवा तोडण्यापूर्वींचा अवकाश लांबवितो. यंत्र चालूं लागतें आणि सर्वांना समाधान वाटतें. परंतु त्या फलकासमोर उद्यां कोण उभा राहणार आहे, याचा विचार या समाधानांत नसतो.

तो विचार शास्त्रीय रीतीनें मांडण्याचें श्रेय राल्फ ली या अमेरिकन इंजिनियराकडे जातें. विजेच्या फलकांत ठिणगीचा भडका उडाला म्हणजे जवळच्या माणसाला तारेचा स्पर्श न होतांहि तो भाजून मरूं शकतो, हा धोका त्यानें १९८२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत गणितानें दाखविला. २००२ मध्यें या भडक्याची तीव्रता मोजण्याची पद्धति अमेरिकेंतील विद्युत् इंजिनियरांच्या संस्थेनें प्रमाण म्हणून जाहीर केली. त्या पद्धतीप्रमाणें, बाकीच्या गोष्टी त्याच असतील तर माणसाच्या अंगावर येणारी उष्णता भडका किती वेळ टिकतो त्याच्या प्रमाणांत वाढते. आणि भडका किती वेळ टिकावा हें रिलेच्या मर्यादेवर अवलंबून असतें. रिले व ब्रेकर मिळून जेथें सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यांत वाहिनी तोडीत असत, तेथें तोच वेळ अर्धा सेकंद केला, तर उष्णता पांचपट झाली. आतां त्या फलकावर एक पट्टी चिकटविलेली असते, आणि कोणत्या जाडीचे संरक्षक कपडे घालून काम करावें हें तिच्यावर लिहिलेलें असतें. तें गणित जुन्या मर्यादेवरून केलेलें असतें. मर्यादा बदलली आणि पट्टी तशीच राहिली, तर ती पट्टी त्या दिवसापासून खोटें बोलूं लागते. आणि तिच्यावर विश्वास ठेवून पुढें होणारा तंत्री आपल्या अंगावरचे कपडे पुरेसे आहेत असें समजत असतो. ज्यानें कांटा फिरविला त्याचें आणि याचें कधीं तोंडहि पाहणें झालेलें नसतें. दुसऱ्याच्या मर्यादेला हात घालणें हा शिष्टाचाराचा नव्हे, जीविताचा प्रश्न आहे, असें म्हणतात तें एवढ्यासाठीं.

मग वरिष्ठांची आज्ञा झाली असतां काय करावें? कारखाना मालकाचा असतो, आणि माल किती काढावयाचा हें ठरविण्याचा हक्कहि त्याचा. पण किती सेकंदांनीं वाहिनी तोडावी हा हक्काचा प्रश्न नसून शास्त्राचा आहे. बदलानें काय परिणाम होतील हें इंजिनियरानें स्पष्ट शब्दांत, शक्य तर लेखीं, मांडलें पाहिजे. आणि माणसाच्या जिवाला धोका होत असतांहि त्याचें मत डावललें गेलें, तर तें जेथें पोंचवावयास हवें तेथें पोंचविलें पाहिजे, असा इंजिनियरांच्या संहितांचा रोख आहे. याच्या उलट प्रसंगहि येतो. रिलेची मर्यादा उघड चुकलेली आहे, प्रत्यक्ष धोका समोर आहे, आणि ती बांधणारा इंजिनियर हाताशीं नाहीं. अशा वेळीं परवानगीची वाट पाहत बसणें हें नीतीचें सोंग ठरेल. धोका टाळण्यापुरती यंत्रणा बंद करावी अथवा मर्यादा बदलावी, पण त्याच घटकेला नोंद करावी, आणि त्या इंजिनियराला व शेजाऱ्यांना कळवावें. तांतडीनें विचारण्यापासून सूट मिळते. कळविण्यापासून मिळत नाहीं.

उरलेलें कर्तव्य मूळ मर्यादा बांधणाऱ्याचें आहे. आपल्यामागून येणारा मनुष्य आंकडा पाहील, आपलें मन पाहणार नाहीं, हें ओळखून त्यानें आंकड्याबरोबर कारण लिहून ठेवावें. किती भार गृहीत धरला, कोणत्या शेजाऱ्याशीं मेळ घातला, आणि कोणती परिस्थिति बदलली तर ही मर्यादा पुन्हा तपासावी, एवढ्या तीन गोष्टी लिहिल्या तरी पुढच्याचें काम सुकर होतें. ज्यानें कारण लिहिलें नाहीं, त्यानें आपली मर्यादा न विचारतां मोडली म्हणून रागावण्याचा अधिकारहि पुष्कळसा गमावलेला असतो.

या साऱ्या गोष्टी प्रथम सौजन्याच्या होत्या. हळूहळू त्या नियमांत उतरल्या. १९६५ च्या अंधारानंतर उत्तर अमेरिकेंतील वीजकंपन्यांनीं १९६८ मध्यें परस्परांच्या विश्वसनीयतेसाठीं एक समाईक मंडळ स्थापन केलें. २००३ च्या अंधारानंतर त्याचे नियम कायद्यानें बंधनकारक झाले. नेहमींच्या जड भारानें रिलेनें वाहिनी तोडूं नये, असा एक नियम त्यांत आहे. २०२१ पासून तेथें अंमलांत आलेल्या दुसऱ्या एका नियमाप्रमाणें, ज्या रिलेचा शेजाऱ्याच्या रिलेशीं मेळ असावा लागतो त्याची मर्यादा बदलण्यापूर्वीं नवा आंकडा शेजाऱ्याला कळवावा लागतो, शेजाऱ्यानें तो तपासून उत्तर द्यावयाचें असतें, आणि अडचण निघाल्यास ती आधीं सोडवावी लागते. १९६३ च्या जानेवारींत जो निरोप नियंत्रणकक्षापर्यंत पोंचला नाहीं, त्याच्याच जातीचा निरोप आतां कायद्यानें पाठवावा लागतो.

तरीहि प्रत्येक फलकापाशीं कायदा उभा राहूं शकत नाहीं. रात्रपाळीला एकटा इंजिनियर असतो, समोर कुलूप नसलेला रिले असतो, आणि कांटा फिरविण्यास एक पेंचकस पुरतो. ‘मर्यादा’ या शब्दाला मराठींत दोन अर्थ आहेत. एक सीमेचा, दुसरा वागण्यांतील संयमाचा. रिलेवर बांधलेली पहिली मर्यादा टिकते कीं नाहीं, हें त्या पाळीवरच्या माणसाच्या अंगीं दुसरी मर्यादा किती बाणली आहे यावर अवलंबून असतें. बदल करण्यापूर्वीं त्यानें जुन्या आंकड्याचें कारण शोधावें, नवा हिशेब कागदावर मांडावा, वरच्या व खालच्या शेजाऱ्याला विचारावें, फलकावरची पट्टी बदलावी, आणि जुना आंकडा, नवा आंकडा, तारीख व आपलें नांव नोंदवहींत लिहावें. एवढें केल्यावर तो जो कांटा फिरवील, तो दुसऱ्याचें काम मोडणारा न ठरतां तेंच काम पुढें नेणारा ठरेल.